स्वमग्न प्रौढांचा समाजसहभाग

स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या प्रौढांचा शेजार, नोकरी, मैत्री, संघटना व सार्वजनिक निर्णय यांतील वावर. या विषयावरचे बरेचसे लेखन मुलांविषयी आहे. मुले मोठी होतात, हे त्यात निसटते. ‘स्वमग्न’ हा रूढ मराठी शब्दही आधीच निकाल देऊन बसतो, की या माणसांना इतर नकोच असतात. 2012 मध्ये मांडलेली सामाजिक प्रेरणेची उपपत्ती साधारण तेच म्हणत होती. त्याच वर्षी ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन (हे स्वतः स्वमग्न) यांनी उलट बाजू मांडली : गैरसमज दोन्हीकडून होतो, सुधारण्याचा भार मात्र एकावरच पडतो. 2020 च्या एका प्रयोगात एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगत जायची होती. त्यात फक्त स्वमग्नांची साखळी इतरांच्या साखळीइतकीच सरस ठरली, मिश्र साखळीत तपशील गळाले. 2025 च्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीची ही घट आढळली नाही. पण स्वमग्न तेथेही मागे पडले नाहीत.

अडचण इच्छेची नसून मांडणीची आहे, याचा ठळक पुरावा ‘ऑट्रीट’ या निवासी शिबिरात मिळतो. जिम सिंक्लेअर, डॉना विल्यम्स व कॅथी ग्रँट या स्वमग्न व्यक्तींनी 1992 मध्ये ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल ही संघटना स्थापन केली. तिचे पहिले ‘ऑट्रीट’ 1996 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॅनन्डेग्वा येथे भरले. तेथे बिल्ल्याचा रंगच बोलत असे. लाल असेल तर कोणी बोलायला जायचे नाही. पिवळा असेल तर आधी मुभा दिलेल्यांनीच जायचे. पुढे अशा मेळाव्यांत हिरवाही रुळला : गप्पा हव्यात, पण सुरुवात तुम्ही करा. अत्तर लावून यायचे नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. एवढ्या बदलावर माणसे येत राहिली. ब्रिटनमध्ये 2005 पासून ‘ऑटस्केप’ हे असेच शिबिर भरू लागले.

अशी शिबिरे बोलक्या, स्वतंत्रपणे वावरणाऱ्यांचीच, हा आक्षेप पूर्ण खोटा नाही. ज्यांना सतत मदतनीस लागतो त्यांना तेथवर पोहोचणेच कठीण. पण बिल्ल्याचा उपयोग सर्वाधिक होतो तो न बोलणाऱ्यालाच. वेगळे जमणे म्हणजे समाजापासून फारकत, असेही म्हटले जाते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाला मात्र तसे कोणी म्हणत नाही.

भारत : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता समाविष्ट. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये 18 वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीसाठीही कायदेशीर पालक नेमता येतो.