छोट्या बहूचे चाहते

मंडळाचा अहवाल, पाककृती आणि भजनांच्या पानांशेजारी सिनेमावरचा लेख पाहून काही भगिनींना नवल वाटेल. पण इतिहास केवळ लढायांत आणि तहांतच असतो असे नाही. अंधाऱ्या थिएटरात बसून लोक कोणासाठी रडले आणि कोणता प्रसंग त्यांना पाहवला नाही, यावरूनही त्या काळाचे मन कळते. विशेषतः लग्न आणि पति-पत्नींची एकनिष्ठा या विषयांवर माणसे चारचौघांत क्वचितच मोकळेपणाने बोलतात. पडद्यावर ते पाहताना मात्र मनातले मत लपत नाही. १९६२ सालच्या ‘साहिब बीबी और गुलाम’ या चित्रपटाची आणि त्याच्या चाहत्यांची हकीकत म्हणूनच आपण स्त्रियांनी नीट समजून घेण्याजोगी आहे.

मूळ कादंबरी बंगाली. बिमल मित्र यांची ‘साहेब बीबी गोलाम’ १९५३ साली पुस्तकरूपाने आली आणि वंगदेशात घरोघर वाचली गेली. १९५६ साली तिच्यावर बंगालीत बोलपट निघाला. त्यात उत्तमकुमार व सुमित्रादेवी होत्या. पुढे गुरुदत्त यांनी तीच कथा हिंदीत आणली. दिग्दर्शक म्हणून नाव अब्रार अल्वी यांचे, छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे, संगीत हेमंतकुमार यांचे. हवेलीची दृश्ये कलकत्त्याजवळच्या धान्यकुरिया गावी जाऊन तेथील एका जुन्या वाड्यात घेतली गेली.

कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या कलकत्त्यातली. चौधरी जमीनदारांच्या हवेलीत धाकट्या सुनेला सारे ‘छोटी बहू’ म्हणतात. घरात कशाचीही वाण नाही. पुरुषमंडळी कबुतरे उडवितात, पैसा उधळतात आणि रात्री नाचणारीच्या कोठ्यावर जातात. बायकांनी दागिने मोडावेत, नवे घडवावेत आणि त्यातच मन रमवावे, अशी त्या घरची रीत. छोट्या बहूला ही रीत मान्य नाही. तिला नवरा हवा आहे. खेड्यातून आलेला भूतनाथ ‘मोहिनी सिंदूर’ बनविणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे असे कळताच ती त्याच्याकरवी तो सिंदूर मागविते. त्या कुंकवाने नवरा घरी राहील ही तिची भाबडी आशा. ती फोल ठरते. कोठ्यावरची बाई जशी दारू पिते, गाते, तसे तुला जमेल काय, असे नवरा विचारतो, आणि त्याला घरी ठेवण्यासाठी ही कुलवधू पेला हाती घेते. नवरा काही दिवस थांबतो, पुन्हा जातो. दारू मात्र तिला सोडीत नाही.

शेवटी नवरा मारामारीत जायबंदी होऊन अंथरुणाला खिळतो. त्याला बरे वाटावे म्हणून एका साधुपुरुषाच्या दर्शनास ती भूतनाथाबरोबर घोडागाडीतून निघते. हे मधल्या दिराच्या नजरेस पडते. गाडी वाटेत अडविली जाते आणि छोटी बहू नाहीशी होते. पुष्कळ वर्षांनी पडक्या हवेलीचे खणकाम चालू असता एक सांगाडा सापडतो; हातातल्या कंकणावरून भूतनाथ तो ओळखतो.

या स्त्रीवर प्रेक्षकांनी, त्यातही स्त्रियांनी, फार जीव लावला. मीनाकुमारींनी ही भूमिका केली तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. त्यांचा पडद्यावरचा पहिला प्रवेश अनेकींना अजून आठवत असेल. भूतनाथ मान खाली घालून बसलेला, आपल्याला दिसतात ती गालिच्यावरून येणारी आलता लावलेली पावले, आणि मग कितीतरी वेळाने तो चेहरा. गीता दत्त यांच्या आवाजातली विनवणी रेडिओवरून घराघरांत पोहोचली. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पारितोषिकासाठी उत्कृष्ट अभिनेत्रीची नामांकने तीन होती आणि तिन्ही मीनाकुमारींचीच होती. पारितोषिक छोट्या बहूला मिळाले. ही बाई आपल्याला रात्रंदिवस सोडीत नाही, अशा अर्थाचे त्यांनी चित्रीकरणाच्या दिवसांत आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले होते. प्रेक्षकांनाही तिने सोडले नाही. १९७२ साली मीनाकुमारी वारल्या, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या दुःखाची आणि छोट्या बहूच्या दुःखाची लोकांनी इतकी गल्लत केली की आजही अनेक जण दोघींविषयी एकाच वाक्यात बोलतात.

परंतु या प्रेमाला एक कुंपण होते, आणि ते कोठे होते हे एका प्रसंगावरून स्पष्ट दिसते. घोडागाडीच्या शेवटच्या प्रवासात प्रथम एक गाणे होते, हेमंतकुमारांच्या स्वतःच्या आवाजातले. ते चालू असताना थकलेली छोटी बहू भूतनाथाच्या मांडीवर डोके टेकते, एवढेच दृश्य. प्रेक्षकांना ते रुचले नाही. थिएटरातली ही नाराजी पाहून गुरुदत्त यांनी गाणे काढून टाकले आणि त्या जागी दोघे समोरासमोर बसून बोलतात असा प्रसंग नव्याने घातला. आज आपण पाहतो तो हाच. काढलेल्या गाण्याची चाल वाया गेली नाही. हेमंतकुमारांनी ती १९६६ सालच्या ‘अनुपमा’ चित्रपटात नव्या शब्दांसह वापरली.

आता जरा विचार करा. याच चित्रपटात नवरा रात्रीमागून रात्र दुसरीकडे काढतो. बायकोच्या हाती पेला देणारा तोच. हे सारे प्रेक्षकांनी पाहिले, हळहळले, आणि ‘जमीनदारांच्या घरी असेच असायचे’ म्हणून पचविले. त्याची दृश्ये काढून टाका, असे कोणी म्हटले नाही. पण जिने मनानेदेखील दुसऱ्याचा विचार केला नाही, तिने मरणाच्या दारात एका सज्जन माणसाच्या मांडीवर क्षणभर डोके टेकले, ते मात्र खपले नाही. गंमत अशी की कथेतल्या मधल्या दिराच्या मनातही तोच संशय आला. त्याने तिला मारेकऱ्यांच्या हवाली केले; प्रेक्षकांनी दृश्यच कापायला लावले. दोघांच्या शिक्षेत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे खरे. पण संशयाची जात एकच.

हे एकट्या प्रेक्षकांचे खूळ होते असे मात्र म्हणता येत नाही. कायदाही तसाच होता. भारतीय दंडसंहिता १८६० साली झाली आणि १८६२ साली, म्हणजे या चित्रपटाच्या बरोबर शंभर वर्षे आधी, अमलात आली. तिच्या ४९७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याच्या बायकोशी, त्या नवऱ्याच्या संमतीवाचून, संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शके. फिर्याद करावयाची ती त्या बाईच्या नवऱ्याने. विवाहित पुरुष कोठीवर गेला तर तो गुन्हाच नव्हे, आणि त्याच्या बायकोला तक्रारीची जागाच नव्हती. थोडक्यात, भूतनाथावर नुसता संशय आला असता तरी छोटे बाबू कोर्टाची पायरी चढू शकले असते. छोट्या बहूला मात्र कोणतेच कोर्ट उघडे नव्हते.

छोट्या बहूच्या एक पिढी आधीच्या खऱ्या बंगालातही अशा कथांचे वेड होतेच. १८७३ साली तारकेश्वर येथे एलोकेशी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीचा तिच्याच नवऱ्याने मासळी चिरण्याच्या विळीने गळा कापला. तारकेश्वरच्या महंताशी तिचा संबंध आल्याचे त्याला कळले होते. खटला पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. कलकत्त्याच्या रंगभूमीवर या प्रकरणावरची नाटके तुफान चालली. एलोकेशीच्या नावाची लुगडी, पानाचे डबे आणि विळ्यासुद्धा बाजारात खपल्या. महंताला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. नवऱ्याला जन्मठेप झाली. पण त्याला सोडा म्हणून सुमारे दहा हजार लोकांनी अर्ज केला आणि १८७५ साली तो सुटला. मेलेल्या मुलीच्या वतीने अर्ज करायला कोणी उरले नव्हते. लोकांचे प्रेम त्या वेळी मारणाऱ्या नवऱ्याकडे वळले होते. १९६२ साली तेच प्रेम मारल्या गेलेल्या स्त्रीकडे वळले. नव्वद वर्षांत एवढे अंतर कापले गेले, हेही थोडे नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात याच काळात एका बाईने हा पक्षपात उघड मांडला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिले. सुरतेच्या एका विधवेला शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर ताशेरे झडू लागले, त्या संतापातून ते उतरले. जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय, हा त्यांचा पुरुषांना रोखठोक सवाल. पुस्तकाची फार टवाळी झाली, आणि त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. छोट्या बहूला कोणी ते वाचून दाखविते तर!

पुढची वाट कायद्याने हळूहळू चालली. पतीने घरात रखेली ठेवली किंवा तो रखेलीकडे राहू लागला, तर हिंदू पत्नीला वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क १९४६ सालच्या कायद्याने आला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व बंधनकारक केले आणि घटस्फोटाची वाट उघडली. ४९७ वे कलम मात्र जागचे हलले नाही. मुंबईहून गेलेल्या एका खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरविले. १९८५ साली पुन्हा तसाच निर्णय झाला. तो सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिला होता. अखेर २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने ते कलम रद्द केले, आणि त्या पाचांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. वडिलांनी राखलेले कलम मुलाने मोडीत काढले. पत्नी ही पतीच्या मालकीची वस्तू नव्हे, हे त्या निकालाचे सार. व्यभिचार आता फौजदारी गुन्हा नाही; घटस्फोटाचे कारण मात्र तो आहे, आणि ते पति-पत्नी दोघांनाही सारखेच.

चित्रपटाच्या शेवटाविषयीही एक गोष्ट गुरुदत्त यांच्या सहकाऱ्यांनी सांगितली आहे. चित्रपट लोकांना फार जड जातो, छोट्या बहूने दारू सोडावी आणि नवरा-बायको सुखाने नांदावीत असा शेवट करा, असा सल्ला ‘मुघल-ए-आझम’चे दिग्दर्शक के. आसिफ यांनी दिला. गुरुदत्त यांनी रात्रभर विचार केला आणि नकार दिला. प्रवासातले गाणे त्यांनी प्रेक्षकांसाठी काढले, पण शेवट बदलला नाही. मला वाटते, यातली दुसरी गोष्ट त्यांनी फार चांगली केली. शेवट गोड झाला असता तर दोष छोट्या बहूच्या पेल्यात होता, तो सुटताच संसार सुधारला, असा अर्थ झाला असता. दोष पेल्यात नव्हता. तो हवेलीच्या रीतीत होता, आणि म्हणूनच त्या बाईला पुरून हवेली उभी राहू शकली नाही.

छोटी बहू आजही आपल्याला आवडते. दूरदर्शनवर चित्रपट लागला की जुन्या पिढीतल्या बायका हातचे काम टाकून बसतात, आणि शेवटी पदर डोळ्यांना लागतो. तो लागावाच. पण पडद्यावरच्या सुनेसाठी रडणाऱ्या आपण, आपल्या गल्लीत एखादीचा नवरा आठ-आठ दिवस घरी येत नाही असे कळले, की प्रथम काय विचारतो? ‘तिचेच काहीतरी चुकत असेल’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींच्या तोंडून निघते? आणि तीच बाई कोणा परक्याशी दारात उभी राहून दोन शब्द बोलताना दिसली, तर आपले डोळे त्या मधल्या दिरासारखे होतात की नाही?

कलम गेले, हवेल्याही पडल्या. उरला आहे तो आपल्या मनातला कायदा, आणि तो बदलायला कोणत्याही न्यायालयात जावे लागत नाही. अशी एखादी भगिनी मंडळाच्या दारी आली, तर तिला प्रश्न विचारण्याआधी बसायला जागा द्यावी, तिचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे, आणि पोटगीचा व वकिलाचा रस्ता दाखवावा. छोट्या बहूच्या चाहत्यांनी एवढे करावे, एवढीच या निमित्ताने विनंती.