पेंग्विनची चार पाने

वाङ्मयेतिहास शिकवताना आम्ही ग्रंथाच्या आवृत्त्या, पाठभेद, प्रस्तावना यांची साक्षेपाने चर्चा करतो. त्या ग्रंथाचे पान कोणी, कोणासाठी आणि कोणत्या मर्यादांत रचले, हा प्रश्न मात्र आमच्या तासाला सहसा निघत नाही. संहिता जणू कागदावाचून अवतरते, असाच आमचा व्यवहार असतो. या सवयीला छेद देणारे एक उदाहरण येथे मांडावे असे वाटते.

अ‍ॅलन लेन यांनी १९३५ मध्ये सहा पेन्सांत मिळणारी पेंग्विनची पुस्तके बाजारात आणली. एकवीस वर्षांच्या एडवर्ड यंगने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन पक्ष्याची रेखाटने केली आणि मुखपृष्ठाचे तीन आडवे पट्टे ठरवले. कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवा, चरित्राला गडद निळा असे रंग योजले गेले. मुखपृष्ठ लोकांच्या ओळखीचे झाले, पण आतल्या पानांची स्थिती वेगळी होती. पुस्तके अनेक छापखान्यांत छापली जात आणि प्रत्येक छापखान्याच्या सवयी निराळ्या. त्यात महायुद्धकाळातील कागदटंचाईची भर पडली. एकाच प्रकाशनाची दोन पुस्तके शेजारी उघडली तर ती एका घरची वाटत नसत. हे सावरण्यासाठी लेन यांनी मुद्रणतज्ज्ञ ऑलिव्हर सायमन यांच्या शिफारशीवरून १९४७ मध्ये यान चिखोल्ड यांना स्वित्झर्लंडहून बोलावले.

ही निवड विलक्षण होती. लाइपझिगच्या एका पाटीरंगाऱ्याच्या या मुलाने १९२८ मध्ये ‘डी नॉये टायपोग्राफी’ हा ग्रंथ लिहून युरोपातील मुद्रणकलेत खळबळ उडवली होती. सममिती टाकून द्यावी, अक्षरांच्या टोकांची नक्षी गाळावी, यंत्रयुगाला यंत्रयुगाचेच अक्षर हवे, असा त्याचा आग्रह होता. १९३३ मध्ये नाझी राजवटीने चिखोल्ड यांना अटक केली. सुटकेनंतर ते स्वित्झर्लंडला गेले आणि पुढील काळात हळूहळू अभिजात, सममित मांडणीकडे वळले. १९४६ मध्ये माक्स बिल यांनी त्यांच्यावर तत्त्वच्युतीचा आरोप केला. नव्या मुद्रणकलेच्या असहिष्णू आग्रहात आपल्याला जर्मन लष्करी शिस्तीचीच छाया दिसते, असे उत्तर चिखोल्ड यांनी दिले.

अशा माणसाने लेन यांचे काम हाती घेतले तेव्हा प्रथम काय केले? जे वाचकांच्या मनात रुजले होते ते ठेवले. पट्टे, रंग आणि पक्षी राहिले. पट्ट्यांची प्रमाणे, नावांतील अक्षरांची अंतरे, रेषांची जाडी मात्र त्यांनी पुन्हा तपासली आणि पक्षीही नव्याने रेखाटला. शेक्सपिअरच्या मालेला वेगळे रूप हवे होते. तेथे रेनल्ड्स स्टोन यांनी लाकडावर कोरलेले नाटककाराचे चित्र आले.

परंतु त्यांच्या कामाचा गाभा होता चार पानांची एक नियमावली. शब्दांतील अंतर शक्य तितके कमी ठेवावे, पूर्णविरामानंतर जादा मोकळी जागा सोडू नये, परिच्छेदाची पहिली ओळ ठराविक मापाने आत घ्यावी, मोठ्या लिपीतील अक्षरांमधले अंतर डोळ्याला समान भासेल असे राखावे, अशा सूचना तीत होत्या. देवनागरीत शिरोरेषेमुळे शेवटचा प्रश्न त्याच रूपात येत नाही. शब्दांमधल्या अंतराचा मात्र नक्की येतो. जुळारी दुर्लक्ष करतात असे दिसल्यावर चिखोल्ड यांनी मोठ्या लिपीतील अक्षरांमधल्या अंतराविषयीच्या सूचनेचा रबरी शिक्काच करून घेतला आणि मुद्रितांवर तो उमटवत राहिले. १९४९ च्या अखेरीपर्यंत सुमारे ५०० पुस्तके त्यांच्या देखरेखीखालून गेली. त्या सप्टेंबरात पौंडाचे अवमूल्यन झाले, पगाराचे मोल घटले आणि ते स्वित्झर्लंडला परतले. त्यांच्या जागी आलेल्या हान्स श्मोलर यांनी हे काम पुढे नेले.

येथे एक अडचण उभी राहते. लष्करी शिस्तीवर टीका करणाऱ्यानेच छापखान्यांना आज्ञापत्रे धाडली, हा विरोध नव्हे काय? आम्हाला तो पूर्णपणे नाकारता येत नाही. तरीही एक भेद महत्त्वाचा वाटतो. १९२८ चा ग्रंथ युगाच्या नावाने बोलत होता. १९४७ ची चार पाने स्वस्त पुस्तक विकत घेऊन वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचा विचार करत होती. प्रत्येक सूचनेमागे वाचनाच्या सोयीचे कारण दाखवता येते, आणि ज्या नियमाचे कारण विचारता येते त्याची जात आज्ञेहून वेगळी असते. बिल यांना जी माघार वाटली, तिच्यात आम्हाला दुसऱ्यासाठी काम करताना आलेली जाण दिसते.

आणि म्हणूनच ही नियमावली साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावी असे आम्ही म्हणतो. ज्या वाचकाला टीकाग्रंथ गृहीत धरतात, त्याच्यासाठी येथे कोणीतरी प्रत्यक्ष जागा मोजून ठेवली आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्या काळची एखादी पेंग्विनची प्रत सापडली तर ती वर्गात न्यावी, आणि मजकुराकडे वळण्यापूर्वी पाच मिनिटे तिचे समास आणि ओळी नुसत्या पाहाव्यात.