इंटरनेट साक्षरतेची मराठी साधने

केंद्र सरकारने २०१७ मध्ये आरंभिलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात २० तासांचे प्रशिक्षण विनामूल्य होते. परंतु कुटुंबातील एकालाच, तेही १४ ते ६० या वयोगटात. साठी ओलांडलेले, म्हणजे घरी एकटे असताना फसवा फोन घेणारे, त्यातून वगळले गेले.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ला वयाची अट नाही. फायरफॉक्स ब्राउझर, थंडरबर्डवरील ईमेल असे विषय सुमारे दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफितींतून मराठीतही समजावलेले आहेत. फीत थांबवून तीच कृती स्वतः करावी, अशी त्यांची रचना आहे. नुसते पाहून काही साधत नाही.

१९३० हा क्रमांक मात्र पहिल्या धड्याआधीच पाठ असावा. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार येथे त्वरित नोंदविल्यास रक्कम वाटेतच गोठविली जाण्याची शक्यता वाढते.