न्यायाच्या खुर्चीसाठी मतं मागणारी बाई

सरपंचपदाचे उमेदवार मतं मागायला आपल्या दारात येतात. पण न्यायाधीश मतं मागायला आलेला आपण कधी पाहिलाय का? नाही, कारण आपल्याकडे न्यायाधीश नेमले जातात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मात्र ते निवडून येतात. तिथल्या ओहायो राज्यातल्या फ्लॉरेन्स अ‍ॅलन यांची गोष्ट आज ऐकू या.

फ्लॉरेन्सबाईंचा जन्म १८८४ चा. त्यांना पियानो वाजवण्यात नाव काढायचं होतं, पण हाताच्या नसा दुखावल्या आणि ते स्वप्न राहिलं. मग त्या कायदा शिकल्या. तेव्हा ओहायोत बायकांना मताचा हक्क नव्हता. तो मिळावा म्हणून त्या गावोगाव भाषणं देत फिरल्या. १९१२ आणि १९१४ मध्ये या प्रश्नावर राज्यात मतदान झालं. मतं देणारे सगळे पुरुष. दोन्ही वेळा बायका हरल्या, पण त्यांनी संघटना मोडली नाही. पुढे ईस्ट क्लीव्हलंड शहरातल्या बायकांना शहराच्या निवडणुकीत मत देता यावं, हा खटला फ्लॉरेन्सबाईंनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात लढवला आणि जिंकला.

ऑगस्ट १९२० मध्ये देशभरातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला. तोवर पक्षांची उमेदवार निवड उरकली होती. पण सह्या गोळा करून अर्ज भरायची वाट खुली होती. बायकांनी सह्या जमवल्या आणि नोव्हेंबरात फ्लॉरेन्सबाई जिल्ह्याच्या न्यायाधीश झाल्या. सोबतचे न्यायाधीश म्हणाले, घटस्फोटाचे खटले तुम्हीच बघा. त्यांनी नकार दिला. आपलं तर लग्नच झालेलं नाही, लग्न झालेल्या पुरुषांपेक्षा आपल्याला त्यातलं जास्त काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी खुनाचे खटलेही चालवले.

दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी उभ्या राहिल्या. जुन्या मैत्रिणींनी ठिकठिकाणी त्यांच्या नावाची मंडळं काढली आणि प्रचार केला. त्या निवडून आल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेल्या त्या पहिल्या बाई. १९२८ मध्ये त्या पुन्हा जिंकल्या, तेही आधीपेक्षा कितीतरी जास्त मतांनी.

आता एक गोष्ट नीट ऐका. ओहायोत न्यायाधीशाच्या मतपत्रिकेवर नावापुढे पक्ष लिहिलेला नसे. त्यामुळे माणूस आणि त्याचं काम पाहून मत पडायला वाव होता. याच बाई १९२६ मध्ये सिनेटसाठी पक्षाची उमेदवारी मागायला गेल्या, तेव्हा हरल्या. १९३२ मध्ये पक्षातर्फे संसदेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हाही हरल्या. बाई तीच, पण जिथे पक्षाचा शिक्का लागला तिथे वाट अडली. पुढे १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना केंद्राच्या अपील न्यायालयावर नेमलं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयात पहिली बाई, फातिमा बीवी, १९८९ मध्ये आल्या. म्हणजे देशाचं न्यायालय सुरू झाल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी. मत मिळालं म्हणून खुर्ची आपोआप मिळत नाही, मैत्रिणींनो. ओहायोतल्या बायकांनी मत मिळाल्यावर घरी बसायचं ठरवलं असतं, तर फ्लॉरेन्सबाईंसाठी सह्या कोणी जमवल्या असत्या?

आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच बोलू या: आपल्यातली कोण उभी राहू शकते, आणि तिच्यासाठी दारोदार कोण कोण फिरेल?