मुदतीपूर्वीचा निरोप : कोलोरॅडो, सप्टेंबर २०१३

'राइट टू रिकॉल' हा शब्दप्रयोग आपल्याकडे घरोघर पोचला तो २०११ साली. रामलीला मैदानावरील उपोषण आटोपल्यानंतर अण्णा हजारे यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला परत बोलावण्याच्या अधिकाराची मागणी पुढे केली आणि काही दिवस आमच्या स्टाफरूममध्येही दुसरा विषय नव्हता. त्याही आधी, १९७४ च्या आंदोलनकाळात जयप्रकाश नारायण यांनी हीच मागणी मांडली होती. आमदार-खासदारांपुरती ती आजवर मागणीच राहिली आहे. त्यामुळे हा अधिकार प्रत्यक्ष वापरला जातो तेव्हा नेमके काय घडते, याविषयीची आपली चर्चा बहुधा कल्पनेवर चालते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१३ साली जे घडले ते म्हणूनच थोडे सविस्तर पाहावे असे आम्हाला वाटते. राज्याच्या सिनेटमधील दोन सदस्यांना मतदारांनी मुदत संपण्यापूर्वी घरी पाठवले. त्यांच्यावर भ्रष्टाचाराचा आरोप नव्हता, पक्षांतराचाही नव्हता. बंदुकांवर काही निर्बंध घालणाऱ्या कायद्यांच्या बाजूने त्यांनी मत दिले होते, एवढेच.

प्रथम या हत्याराची कुळकथा. विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे आणि खाणकंपन्यांच्या खिशात विधिमंडळे गेली आहेत, ही भावना अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत प्रबळ होती. लॉस एंजेलिस शहराने १९०३ मध्ये आपल्या सनदेत परत बोलावण्याची तरतूद केली, ऑरेगॉनने १९०८ मध्ये ती राज्याच्या पातळीवर आणली. अॅरिझोनाची कथा तर एखाद्या प्रहसनात शोभावी अशी आहे. न्यायाधीशांनाही परत बोलावता येईल असे कलम त्याच्या घटनेत होते म्हणून राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी १९११ साली त्याचा राज्यप्रवेश अडवला. अॅरिझोनाने ते कलम निमूटपणे काढले, १९१२ च्या फेब्रुवारीत राज्याचा दर्जा पदरात पाडून घेतला आणि त्याच वर्षी ते कलम पुन्हा घातले. कोलोरॅडोनेही १९१२ मध्येच ही तरतूद स्वीकारली. गेल्या निवडणुकीत त्या पदासाठी झालेल्या मतदानाच्या पंचवीस टक्के इतक्या सह्या आणाव्यात आणि कारण दोनशे शब्दांच्या आत लिहावे. ते कारण योग्य की अयोग्य हे ठरवण्याचा अधिकार केवळ मतदारांचा. न्यायालयाने त्यात डोकावायचे नाही. दोनशे शब्दांची मर्यादा वाचून आम्हाला आमच्या प्रश्नपत्रिकांतील 'थोडक्यात टीपा लिहा' आठवल्या, हे कबूल करतो.

शंभर वर्षे हे शस्त्र कोलोरॅडोच्या आमदारांवर एकदाही चालले नाही. मग २०१२ चे वर्ष आले. २० जुलैच्या मध्यरात्रीनंतर, डेन्व्हरलगतच्या ऑरोरा शहरातील एका चित्रपटगृहात एका माथेफिरूने गोळीबार केला. बारा माणसे मेली. मारेकऱ्याजवळच्या रायफलीला शंभर गोळ्यांचे मॅगझिन होते. (मॅगझिन म्हणजे नियतकालिक, अशी आमच्यासारख्यांची भाबडी समजूत. दोन्ही अर्थांचे मूळ 'कोठार' या अर्थाच्या एकाच अरबी शब्दात आहे.) त्याच वर्षी १४ डिसेंबरला कनेक्टिकट राज्यातील सँडी हुक येथील शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. कोलोरॅडोला तर १९९९ च्या कोलंबाइन शाळेतील हत्याकांडाची जखम आधीच होती.

नोव्हेंबर २०१२ च्या निवडणुकीनंतर राज्याची दोन्ही सभागृहे आणि राज्यपालपद डेमोक्रॅटिक पक्षाकडे होते. २०१३ च्या वसंत ऋतूत त्यांनी कायदे केले : मॅगझिनमध्ये पंधराहून अधिक गोळ्या नसाव्यात, खाजगी विक्रीतही खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासली जावी, त्या तपासणीचे शुल्क खरेदीदाराने द्यावे. ४ मार्चला सुनावण्या झाल्या तेव्हा विधानभवनाभोवती मोटारी हॉर्न वाजवीत फिरत होत्या आणि राज्यपालांना इशारा देणारा फलक ओढत एक विमान आकाशात घिरट्या घालत होते. आत, डोक्यात गोळी लागूनही बचावलेल्या गॅब्रिएल गिफर्ड्स यांचे पती, अंतराळवीर मार्क केली, तपासणीच्या बाजूने साक्ष देत होते. राज्यपाल जॉन हिकनलूपर यांनी २० मार्चला विधेयकांवर सह्या केल्या. आदल्याच रात्री राज्याच्या तुरुंग खात्याचे प्रमुख टॉम क्लेमेंट्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घालून ठार करण्यात आले होते. एखाद्या कादंबरीकाराने असा योगायोग योजला असता तर आम्ही समीक्षकांनी त्याला फैलावर घेतले असते.

कायद्याला विरोध करणारे सगळे शस्त्रविक्रेत्यांचे हस्तक होते, असे मानण्याचा मोह टाळला पाहिजे. राज्यातील बहुसंख्य शेरीफ या कायद्यांविरुद्ध न्यायालयात गेले. प्वेब्लो शहरात सह्यांची मोहीम उभी केली ती एका तरुण प्लंबरने. मॅगझिने बनवणाऱ्या मॅगपुल कंपनीचा मात्र सरळ धंद्याचा प्रश्न होता. कायदा लागू होण्याच्या तोंडावर, जूनअखेर, तिच्या मॅगझिनांच्या मोफत वाटपाचा एक उत्सव झाला. त्याला नाव दिले होते 'अ फेअरवेल टू आर्म्स'. युद्धाला विटलेल्या नायकाच्या कादंबरीचे नाव शस्त्रे वाटण्याच्या मेळाव्याला! हेमिंग्वेला स्वतःला बंदुकांचा शौक होता ही गोष्ट निराळी.

चौघांविरुद्ध सह्या गोळा करण्याचा घाट घालण्यात आला. पुरेशा सह्या जमल्या दोघांविरुद्ध. जॉन मोर्स हे सिनेटचे अध्यक्ष, कोलोरॅडो स्प्रिंग्स शहराचे प्रतिनिधी आणि पूर्वाश्रमीचे पोलीसप्रमुख. त्यांना २०१० मध्ये अगदी थोड्या मतांनी विजय मिळाला होता; त्या निवडणुकीत पडलेली एकूण मतेही तुलनेने कमी होती, त्यामुळे आवश्यक सह्यांचा आकडाही लहान होता : ७,१७८. दुसऱ्या अँजेला हिरोन, प्वेब्लोच्या; त्यांच्यासाठी ११,२८५ सह्या लागत होत्या. मोर्स यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुदतमर्यादेच्या नियमामुळे ते पुन्हा उभे राहू शकत नव्हते. त्यांची कारकीर्द अवघ्या सव्वा वर्षाने आपोआपच संपणार होती. म्हणजे तेथे खुर्चीपेक्षा धडा महत्त्वाचा होता, आणि तो धडा मोर्स यांना नव्हे, मागे उरणाऱ्यांना द्यायचा होता.

मतदानाच्या पद्धतीवरूनही बरेच महाभारत घडले. मतपत्रिकेवर दोन प्रश्न असतात : या सदस्याला काढावे काय? आणि काढले तर त्याच्या जागी कोण? पहिल्याचे उत्तर न देणाऱ्याचे दुसरे उत्तर मोजू नये, असे राज्यघटनेत लिहिले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द ठरवली. त्याहून परिणामकारक ठरला तो डेन्व्हरच्या जिल्हा न्यायालयाचा निर्णय. मतदानाच्या पंधरा दिवस आधीपर्यंत नव्या उमेदवाराला रिंगणात उतरता येते, असे जुने कलम सांगते. मग मतपत्रिका छापून टपालाने पाठवणार केव्हा? विधिमंडळाने त्याच वर्षी प्रत्येक मतदाराला टपालाने मतपत्रिका पाठवण्याचा कायदा केला होता, पण या निवडणुकीत १९१२ च्या घटनेने त्याच्यावर मात केली. टपालाची सवय झालेल्या मतदारांना केंद्रावर जावे लागले. पैसा दोन्हीकडून आला. न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी कायद्याच्या समर्थकांना साडेतीन लाख डॉलर दिले. नॅशनल रायफल असोसिएशननेही साधारण तेवढीच रक्कम विरोधकांमागे उभी केली. 'न्यूयॉर्कचा धनिक आमच्या गावात का?' हा प्रश्न मात्र अधिक चालला.

१० सप्टेंबरला निकाल लागला. मोर्स यांच्या मतदारसंघात जेमतेम १८,००० मते पडली आणि ते साडेतीनशेहूनही कमी मतांनी गेले. हिरोन यांच्या विरोधात छप्पन्न टक्के मते पडली. पराभवाचे खापर हिरोन यांच्या पक्षाने टपालाच्या मतपत्रिका न मिळण्यावर फोडले. मोर्स यांच्याबाबत ते खरे असू शकेल. बारा टक्क्यांची दरी तेवढ्याने भरून निघत नाही.

आम्हाला खरे गूढ वाटते ते प्वेब्लोचे. कोलोरॅडो स्प्रिंग्स हे लष्करी तळांचे, सनातनी वळणाचे शहर. तेथील निकाल समजण्याजोगा आहे. प्वेब्लो मात्र पोलादाच्या भट्ट्यांचे, कामगार संघटनांचे, मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचे, पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे. त्याच्या दक्षिणेला लडलो आहे. तेथे २० एप्रिल १९१४ रोजी संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर राज्याच्याच सैनिकांनी हल्ला चढवला, जळत्या तंबूखालच्या खड्ड्यात दोन स्त्रिया आणि अकरा मुले मेली, आणि त्यानंतर कामगारांनी दहा दिवस बंदुका हाती घेऊन लढा दिला. ज्या कंपनीविरुद्ध तो संप होता तिचाच पोलाद कारखाना प्वेब्लोत होता. (कोलंबाइनची तारीखही २० एप्रिल. त्यात अर्थ शोधू नये, पण नजरेआड करणेही जमत नाही.) २०१३ च्या मतदाराच्या मनात लडलो होते असा दावा आम्ही करणार नाही. आमचा कयास एवढाच, की तेथील कामगारघरात बंदूक ही उजव्या पक्षाची खूण नव्हती. ती शिकारीची, वडिलोपार्जित, घरातली वस्तू होती. तिच्यावर मर्यादा घालणारा कायदा डेन्व्हरहून आला तेव्हा ज्यांना आपले म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही असे वाटले, त्यांत हिरोन यांचे स्वतःचे मतदारही होते.

एडमंड बर्कने १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले, की प्रतिनिधीने आपली विवेकबुद्धी मतदारांच्या मताला वाहून टाकू नये. वक्तृत्वाचा नमुना म्हणून ते भाषण आजही शिकवले जाते. सहा वर्षांनी त्याच ब्रिस्टलमधून त्याला माघार घ्यावी लागली, हे शिकवताना बहुधा राहून जाते. तरी बर्कला मुदत पुरी करता आली. मुदत हीच विवेकाला मिळालेली उसंत असते. लोक रागावतात, काही काळ जातो, कायद्याचे परिणाम दिसतात, मग हिशेब होतो. परत बोलावण्याचा अधिकार ही उसंत हिरावून घेतो. कंपन्यांना विकले गेलेले आमदार डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले हे हत्यार शंभर वर्षांनी, आपल्या मताला चिकटून राहिलेल्या दोघांवर चालले, याची खंत आम्हाला वाटते. कायद्याच्या बाजूने आमची सहानुभूती आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तथापि उलट बाजूचा आमदार असता तर आम्ही असेच लिहिले असते काय, हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला आणि एकमत झाले नाही.

नवे नव्हते ते एवढेच, की कॅलिफोर्नियात हा प्रयोग आधी झाला होता. १९८९ मध्ये स्टॉक्टन येथील शाळेत पाच मुले मारली गेल्यावर तेथील सिनेटचे नेते डेव्हिड रॉबर्टी यांनी काही लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी आणली. १९९४ च्या एप्रिलमध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान झाले. ते तरले, पण त्या लढतीत त्यांची पुंजी खर्ची पडली आणि दोनच महिन्यांनी राज्याच्या खजिनदारपदाची पक्षांतर्गत निवडणूक ते हरले.

कोलोरॅडोत तिसऱ्या सदस्य, एव्ही हुडाक, यांच्याविरुद्ध सह्यांची मोहीम पुन्हा जोर धरू लागताच त्यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला. त्यामुळे त्यांच्या जागी त्यांच्याच पक्षाचा सदस्य नेमला गेला आणि एका मताचे बहुमत वाचले. मोर्स यांच्या जागी आलेले बर्नी हर्पिन यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये एका सुनावणीत असे उद्गार काढले, की ऑरोराच्या मारेकऱ्याजवळ शंभर गोळ्यांचे मॅगझिन होते हे कदाचित बरेच झाले, कारण ते अडकले. त्या नोव्हेंबरमध्ये हर्पिन हरले, प्वेब्लोचे नवे सदस्य जॉर्ज रिव्हेराही हरले. सिनेटचे बहुमत मात्र एका मताने रिपब्लिकनांकडे गेले. कायदे रद्द झाले नाहीत. मॅगझिनवरील मर्यादा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये वैध ठरवली.

ऑरोराच्या चित्रपटगृहात ज्यांचा मुलगा आपल्या वाढदिवशीच मारला गेला, ते टॉम सुलिव्हन २०१८ मध्ये कनिष्ठ सभागृहात निवडून आले. धोकादायक ठरलेल्या व्यक्तीकडून न्यायालयाच्या आदेशाने काही काळ बंदूक काढून घेण्याचा कायदा त्यांनी २०१९ मध्ये मांडला. त्यांनाही परत बोलावण्याची मोहीम सुरू झाली आणि महिन्याभरात मागे घेण्यात आली. तो कायदा सिनेटमध्ये १८ विरुद्ध १७ मतांनी संमत झाला. विरोधात मत देणारा डेमोक्रॅटिक पक्षाचा एकच सदस्य होता : सिनेटचे अध्यक्ष लिरॉय गार्सिया. ते प्वेब्लोचे, हिरोन यांच्याच जागेवरून आलेले.