ओरिजिनल नको, चालू हवी

सिलिंडर झिजला म्हणून निपाणीत मोटारसायकल कुणी टाकून देत नाही. लेथवाल्याकडे नेऊन बोअर मारून घेतात. पहिला ओव्हरसाइज पाव मिलिमीटरचा, मग अर्ध्याचा, मग पाऊण, मग एक. तेवढंही संपलं की आत स्लीव्ह ठोकायची आणि पुन्हा स्टँडर्ड पिस्टनपासून सुरुवात. अलीकडे पुण्या-मुंबईचे हौशी लोक जुन्या गाड्या शोधत इकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, “ओरिजिनल आहे का?” माझ्या लहानपणी गाडी बघायला आलेला माणूस असं काही विचारत नसे. “किती किकला उठतीया?” एवढंच त्याला हवं असे. मी बेळगावच्या उद्यमबागेत आधी लेथवर आणि पुढे प्रेसवर नोकरी केली, घरी परड्यात वडिलांची जावा अजून चालू ठेवली आहे, त्यामुळे माझी बाजू उघड आहे. पण गाडी चालू ठेवण्याची ही खोड आमच्या भागाला कशी लागली, ते सांगण्यासारखं आहे.

सुरुवात सायकलीपासून करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना ते तिथून सायकली घेऊन बेळगावला धाडत आणि त्यांचे थोरले भाऊ रामूअण्णा त्या इथे विकत. १८८८ साली सुरू झालेलं हे सायकलीचं दुकान म्हणजे किर्लोस्कर उद्योगाचा पाया. सायकल विकायची तर ती चालवायला शिकवावी लागे आणि मोडली तर दुरुस्तही करावी लागे. पुढे लक्ष्मणराव स्वतः बेळगावला आले, कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करू लागले. मग नगरपालिकेला कारखान्याची जागा वस्ती वाढवायला हवी झाली. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोडजवळचा माळ दिला आणि किर्लोस्करवाडी तिकडे उभी राहिली. बेळगावकरांनी घालवलेल्या या कारखान्याची आठवण म्हणून शहरात किर्लोस्कर रोड तेवढा आहे. असा कारखाना हातचा घालवून पुन्हा त्याच नावाचा अभिमान बाळगायचा, हे आमच्या गावाला छान जमतं. तरी भट्टी आणि लेथ इथून गेले नाहीत. एका टोकाला कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, दुसऱ्या टोकाला बेळगावची उद्यमबाग, मधे निपाणी आणि संकेश्वर. या पट्ट्यात ऑइल इंजिनं, पंप, ओतकाम, हायड्रॉलिकचं काम असं सगळं होत आलं आहे. शेतातल्या इंजिनाचा बुश ज्याला करता येतो, त्याला मोटारसायकलचा बुश अवघड नाही.

मोटारसायकली आल्या त्या बऱ्याचशा लष्कराच्या मागून. बेळगाव छावणीचं गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून इथे आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारने देशभर लष्करी वाहनं लिलावात काढली. आमचे आजोबा त्यांना ‘डिस्पोजलची फटफटी’ म्हणत. बी.एस.ए., नॉर्टन, मॅचलेस, एरियल ही नावं इथल्या म्हाताऱ्या मेस्त्रींच्या तोंडी पैलवानांच्या नावांसारखी असत. त्यातली बी.एस.ए. एम-२० युद्धासाठी सुमारे सव्वा लाख बनली होती. ४९६ सीसीचा साइड व्हॉल्व्ह, ८२ चा बोअर, जड अंगाची आणि संथ. कॉम्प्रेशन पाचाच्याही खाली, त्यामुळे कसलंही पेट्रोल तिला चाले. रॉकेल मिसळून चालवणारेही होते. तिचे सुटे भाग विलायतेहून कोण मागवणार? पिस्टन घासला की दुसऱ्या कुठल्या इंजिनाचा आणून, डोकं उतरवून बसवायचा. गजनपिनच्या भोकाचा बुश पितळेचा, तोही इथेच टर्न केलेला. आज ज्याला रिस्टोरेशन म्हणतात त्या कामाची आमच्याकडे सुरुवात झाली ती अशा जुगाडातून, आणि त्यात ‘मूळचं’ काही शिल्लक राहावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

मग जावा आली. माझ्या मते आमच्या भागाची खरी गाडी हीच. रुस्तम आणि फारुख इराणींनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला आणि १९६१ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. मूळ कंपनी चेकोस्लोव्हाकियाची. गाडी २५० सीसीची, टू स्ट्रोक, बोअर ६५ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, म्हणून खेड्यातली माणसं दोन सिलिंडर समजत. सिलिंडर एकच, धूर बाहेर पडायच्या वाटा दोन. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक. नवख्या माणसाला हे उमगेपर्यंत बघ्यांची करमणूक होई.

वडिलांच्या जावाचं आर.सी. बुक मी जपून ठेवलं आहे. त्यावर आधी म्हैसूर राज्याचा शिक्का आहे, नंतर कर्नाटकाचा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेला. त्याआधी घेतलेल्या बी.एस.ए. किंवा नॉर्टनच्या कागदावर तर तीन राज्यं सापडतात, आणि गाडी मात्र त्याच गल्लीतली. १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्याच वर्षी कारखान्याने जावाची येझदी केली. सीमाप्रश्नावर लिहायला इथे जागा नाही आणि ते काम मोठ्या लोकांनी भरपूर केलं आहे. पण गॅरेजमध्ये त्याचा निकाल कधीच लागून गेलेला असतो. मापं इंग्रजी, शिव्या कानडी, हिशेब मराठी. सिलिंडर कोल्हापूरला बोअर होतो, सायलेन्सर बेळगावला क्रोम होतो आणि सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर पिशवीतला पिस्टन कुठल्या राज्याचा हे कुणी विचारत नाही. अडवतात ते कागद. कोल्हापूरची गाडी निपाणीत घेतली तर ना-हरकत दाखला, इकडचा टॅक्स, एमएच ०९ चं केए २३ करणं. या खटपटीपायी कित्येक चांगल्या गाड्या वखारीच्या कोपऱ्यात गंजून गेल्या.

वखारी म्हणजे तंबाखूच्या. निपाणीचा पैसा विडीच्या तंबाखूचा आणि त्या पैशाने बुलेट घेतली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला एनफिल्डचा कारखाना १९५५ मध्ये निघाला. लष्कराने आणि पोलिसांनी वापरलेली गाडी, म्हणून व्यापाऱ्याला तिचा रुबाब. मास्तर, डॉक्टर, कंपाउंडर यांची जावा. राजदूत दूधवाल्यांची आणि साखर कारखान्याच्या चिटबॉयची. पोलंडच्या गाडीवरून केलेली ही १७५ सीसीची गाडी दोन्हीकडे दुधाचे कॅन लटकवून कसल्याही पाणंदीतून जाई आणि वर्षानुवर्षं धुतली जात नसे. नव्वदीच्या दशकात डिझेल बुलेटही दिसू लागली. ग्रीव्ह्ज लोम्बार्डिनीचं ३२५ सीसीचं इंजिन, साडेसहा हॉर्सपॉवर. तिचं कौतुक तिच्या मालकालाच. मागे बसणाऱ्याचे दात घराजवळ पोचेपर्यंत खिळखिळे होत.

वखारीत ठेवलेल्या गाडीचा एअर फिल्टर उघडला की तंबाखूची भुकटी निघे आणि मेस्त्रीला शिंका सुरू होत. आमच्या इथे रोग ओळखायची ती एक खूण होती.

आता कामाचं सांगतो, कारण यात मी आयुष्य घातलं. जावा-येझदीमध्ये अवघड काम एकच, क्रँकचं. बाकी कार्ब्युरेटर साफ करणं, क्लच प्लेटा बदलणं, सायलेन्सरचा कार्बन जाळणं हे घरच्या सोप्यात बसून कुणीही करावं. पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर. पॉइंट नेमका कधी उघडतो ते बघायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मधे धरायचा. फ्लायव्हील हळू फिरवताना कागद ज्या क्षणी सुटतो, तो तुमचा टायमिंग. यासाठी मीटर लागत नाही. क्रँकची गोष्ट निराळी. ती नटबोल्टने जोडलेली नसते. दोन फ्लायव्हीलच्या मधे क्रँकपिन दाबून बसवलेली असते. कनेक्टिंग रॉडचं बिग एंड वाजू लागलं की पिन दाबून काढायची, नवी पिन, रोलर, रॉड घालायचे आणि पुन्हा दाबायची. दाबताना फ्लायव्हील केसभर जरी वाकडी गेली तरी गाडी थरथरते आणि बेअरिंग खाते. म्हणून नंतर लेथच्या दोन सेंटरमध्ये क्रँक धरून, डायल लावून, तांब्याच्या हातोड्याने ठोकत ठोकत ती दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत आणावी लागते.

पूर्वी हे काम ट्रकच्या जॅकभोवती लोखंडी चौकट बांधून केलेल्या घरगुती प्रेसवर होई. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे कारखाने उभे राहिले आणि जेवणाच्या सुट्टीत कुणाची तरी क्रँक प्रेसखाली येऊ लागली. साहेब लोकांना ते माहीत होतं. त्यांच्याही घरी येझदी होत्या.

आणखी एक खोड या गाडीची. क्लचच्या बाजूचं ऑइल सील गेलं की इंजिन तिकडचं ऑइल ओढतं आणि दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतो. नवशिके पिस्टन बदलतात, रिंगा बदलतात, धूर तसाच. जुने मेस्त्री आधी क्लचकडचं ऑइल मोजत. कमी भरलं की बाकी काही न विचारता सील मागवत.

१९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. दुकानांतला माल काही वर्षं पुरला, मग पंजाबकडचे आणि दिल्लीच्या करोल बागेतले भाग येऊ लागले. त्यांतले काही चांगले, बरेचसे दिसायला चांगले. रिंग सिलिंडरमध्ये घालून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजली की कळतं. पुढच्या काळात जावा-येझदी घरांतून भंगारात गेल्या. वजनावर विकलेल्या जावा मी पाहिल्या आहेत, टाकीवरचं क्रोम शाबूत असलेल्या. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये क्लासिक लेजेंड्सने जावाचं नाव पुन्हा बाजारात आणलं, २०२२ च्या जानेवारीत येझदीचं, आणि जुनीचे भाव एकदम चढले. ज्यांनी ती भंगारात घातली होती तेच आता मला फोन करून विचारतात, “दादा, कुठं एखादी गावंल काय?”

नव्या हौसेमुळे काही हात वाचले, हे कबूल केलं पाहिजे. जावाच्या मरून टाकीवरची हस्तिदंती रेघ हाताने ओढणारे पेंटर दुकानांच्या पाट्या छापील झाल्यावर रिकामे झाले होते. त्यांना पुन्हा काम मिळालं. टाकी मांडीवर घेऊन, करंगळी टेकवून, श्वास धरून रेघ ओढतात. पण या हौसेत एक गोष्ट मला पटत नाही. माणसं लाखभर घालून गाडी शोभेची करतात, बरोबर सालाचा दिवा, बरोबर सालाचा मीटर, आणि मग ती पावसाला भिऊन झाकून ठेवतात. बेळगावचा पाऊस चार महिन्यांचा. न चालवलेल्या टू स्ट्रोकच्या क्रँकवर ओल धरते, बेअरिंगला गंज चढतो. आठवड्यातून एकदा संकेश्वरपर्यंत नेऊन आणली तर गाडी जास्त टिकते.

आताचा शत्रू पाऊसही नाही, पेट्रोल आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर आलं आहे. हे इथेनॉल आमच्याच शिवारातल्या उसाचं, ज्या उसाच्या चिठ्ठ्या चिटबॉय राजदूतवरून वाटत फिरले. ते हवेतलं पाणी ओढतं, टाकी तळातून गंजते, जुनी रबरं फुगतात, पेट्रोलच्या नळातलं बूच चुरगळतं. त्याच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून मिश्रण पातळ होतं, आणि टू स्ट्रोक पातळ मिश्रणावर तापते. निपाणीहून तवंदी घाट चढताना पिस्टन जाम व्हायला तेवढं पुरे. उपाय आहेत. मेन जेट एक नंबर मोठा घालायचा, रबरं व्हायटॉनची घालायची, लिटरला चाळीस मिली ऑइलचं माप चुकवायचं नाही आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची. वरच्या गल्लीतला पोरगा हे सगळं ऐकून म्हणाला, “काका, एवढं करायचं तर इलेक्ट्रिक घ्या की.” त्याच्या येझदीची क्रँक मीच बसवून दिली आहे, म्हणून त्याला बोलू दिलं.

राहता राहिला कायदा. १५ जुलै २०२१ ला केंद्राने विंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतरच्या नूतनीकरणाला ५,०००. वडिलांची जावा वयाने बसते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. दुसरी अट, ती रस्त्यावर रोजच्या वापराला आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. तिचा सिलिंडर स्लीव्हचा आहे, क्रँकपिन दुसरी आहे, एक फुटरेस्ट तर मी स्वतः कांबीतून केला आहे. आणि मंडईला जायला ती मला रोज लागते.

म्हणून मी साधंच नूतनीकरण करत राहतो, दर पाच वर्षांनी. त्याचं शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ३०० चं १,००० झालं, पुढे आणखी वाढलं, तरी भरतो. तपासणीला गाडी समोर दाखवावी लागते. चिकोडीच्या कार्यालयात पुष्कळजण जुन्या गाड्या टेम्पोत घालून आणतात. मी तिच्यावरूनच जातो.