हौसेचे मोल

गेल्या वर्षी मी एका बंगाली लेखाचा मराठी अनुवाद करत होते. विषय होता एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रण. लेखात ‘शौखिन’ हा शब्द आला आणि मी अडले. मराठीत ‘शौकीन’ लिहावे तर डोळ्यांसमोर अत्तर, गजरा आणि विड्याचे पान येते. ‘हौशी’ लिहावे तर हौशी नाट्यस्पर्धा आठवते: मन लावून केलेले, पण पोटासाठी न केलेले काम. बोलणाऱ्याचा सूर तसा असेल तर त्याचा अर्थ ‘जरा कच्चे’ असाही होतो. शौक आणि हवस हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आले. मराठीत हवसची हौस झाली, ती डोहाळ्यांपासून दागिन्यांपर्यंत सगळीकडे निर्मळपणे वावरते. हिंदीत तोच शब्द वासनेकडे झुकला. इंग्रजी ‘अ‍ॅमॅचर’च्या मुळाशी लॅटिनमधले प्रेम आहे. मी ‘हौशी’ लिहून पुढे गेले. पण लेख संपला तरी शब्द सुटला नाही, कारण त्याच सुमारास त्याने आमच्या दारात एका माणसाला अडवले होते.

मी कोलकात्यात राहते. आम्ही दहाबारा जण दर रविवारी पहाटे कॅमेरे घेऊन बाहेर पडतो. कधी कुमारटुलीत, कधी मल्लिक घाटाच्या फुलबाजारात. मग कुणाच्या तरी घरी चहा, आणि एकमेकांच्या फोटोंची चिरफाड. मी जे काही शिकले ते या चिरफाडीतून. आमच्या गल्लीतल्या स्टुडिओत पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढणारा एक कारागीर आहे. वीस वर्षे तो हेच काम करतो. एकदा माझे फोटो पाहून त्याने दोन वाक्यांत माझी चूक दाखवली: मी चेहऱ्याकडे पाहते, चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडाकडे पाहत नाही. मग संकोचत विचारले, “दीदी, रविवारी मीही आलो तर चालेल?” मी आमच्या मंडळात विषय काढला. उत्तर मिळाले की, हे हौशी लोकांचे मंडळ आहे, व्यावसायिकांसाठी नाही. मी गप्प बसले. त्यानंतर मी या शब्दाचा इतिहास वाचू लागले, तो काहीसा अपराधी मनाने.

छायाचित्रणाच्या जन्मापासूनच एक भांडण आहे: ही विद्या वाटायची की राखायची? 19 ऑगस्ट 1839 रोजी पॅरिसमध्ये दागेरची कृती जाहीर झाली. फ्रेंच सरकारने त्याला वर्षासन बांधून दिले आणि ती सर्वांना खुली केली. पण त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले गेले. हेन्री फॉक्स टॅल्बटने 1841 साली आपल्या कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मग मार्च 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या लंडनच्या शिल्पकाराने काचेवरच्या कलोडियनची कृती ‘द केमिस्ट’ या मासिकात छापून टाकली. त्याने पेटंट घेतले नाही. ही पद्धतही आपल्याच पेटंटखाली येते असा दावा टॅल्बटने केला, पण 1854 साली लारोश नावाच्या छायाचित्रकाराविरुद्धच्या खटल्यात तो टिकला नाही. पुढची तीसेक वर्षे जगभरचे छायाचित्रण प्रामुख्याने आर्चरच्या पद्धतीवर चालले. आर्चर स्वतः 1857 साली गरिबीत वारला.

ही पद्धत पुस्तकात वाचून हाती लागणारी नव्हती. गनकॉटन ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून, त्यात आयोडाइड मिसळून केलेले चिकट द्रावण काचेवर ओतायचे आणि काच चारी कोपऱ्यांकडे कलती करत त्याचा सारखा थर बसवायचा. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच डेव्हलप करायची आणि हायपोने स्थिर करायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ईथर पाहता पाहता उडून जाते आणि थर वेळेआधीच सुकतो. लंडनच्या पुस्तकात दिलेले प्रमाण मुंबईत चालेलच असे नाही. म्हणजे इथल्या माणसाने इथल्याच माणसाला विचारणे भाग होते.

त्यातून मंडळे उभी राहिली. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी 1853 सालची. मुंबईची लगेच पुढच्या वर्षी, 1854 मध्ये स्थापन झाली. भारतातली ती पहिली. 1855 पासून तिने स्वतःचे नियतकालिकही काढले. 1856 साली कोलकाता आणि मद्रासमध्ये अशाच सोसायट्या निघाल्या. सभासद जमायचे, आपापली चित्रे मांडायचे, कृतींवर बोलायचे. आमच्या रविवारच्या चहाची ही पणजी म्हणायची.

मुंबईच्या या वर्तुळात डॉ. भाऊ दाजी लाड होते. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला आणि प्राचीन शिलालेखांचा अभ्यासक म्हणून नावाजला. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर, आणि त्या काळच्या मोजक्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशीच ही नावे. पण ही हौस कुणाला परवडत होती तेही पाहावे लागते. ‘हौसेला मोल नाही’ असे आपण म्हणतो. इथे रोख मोल होते. चांदीचे क्षार, ईथर, विलायती भिंग, काचा, तंबू आणि हे सगळे वाहून नेणारे हमाल. सभासद होते ते लष्करी अधिकारी, सनदी नोकर, डॉक्टर आणि सुखवस्तू घरातले लोक. तंबू खांद्यावर घेऊन जाणाऱ्याला काच ओली ठेवण्याची युक्ती ठाऊक झाली असेल, पण तो सभासद नव्हता.

दुसरी एक वाट एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधून गेली. तिथे 1855 साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यवसाय थाटला. इंग्रज अधिकाऱ्याची जी फावल्या वेळची करमणूक होती, तीच शिकून दुसऱ्याला घर चालवायचे होते. हौशी आणि व्यावसायिक यांच्यातली रेघ कौशल्याची नव्हतीच. पगार दुसरीकडून मिळतो की नाही, याची होती. ती पुसटही होती. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी 1856 पासून खऱ्या प्रती चिकटवलेला एक मासिक चित्रसंग्रह काढला. त्याच्या नावातच ‘अ‍ॅमॅचर’ हा शब्द होता, आणि ते दोघे मुंबईत व्यावसायिक छायाचित्रकार म्हणूनही काम करत होते. ज्याला सोय होती तो रेघेच्या दोन्ही बाजूंना उभा राहू शकत होता.

या मंडळांचे दार किती जड होते हे कोलकात्यात दिसले. संस्कृतचे पंडित, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल आणि सचित्र बंगाली मासिकाचे संपादक राजेंद्रलाल मित्र तिथल्या फोटोग्राफिक सोसायटीत होते. युरोपीय लोकांनाही मुफसल फौजदारी न्यायालयांच्या कक्षेत आणावे की नाही, यावर तेव्हा वाद पेटला होता. 1857 साली कोलकात्याच्या टाउन हॉलमधल्या सभेत राजेंद्रलालांनी निळीच्या मळेवाल्यांवर कडक टीका केली. युरोपीय सभासद चिडले आणि राजेंद्रलालांना सोसायटीतून काढून टाकण्यात आले. त्यांच्या काचांमध्ये किंवा द्रावणात खोट निघाली नव्हती. फोटोंविषयी मोकळेपणाने बोलण्यासाठी जमलेल्या मंडळाला टाउन हॉलमधले मोकळे बोलणे सोसले नाही. पुढे 1885 मध्ये हेच राजेंद्रलाल एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

यानंतर विद्या पसरली ती दोन रस्त्यांनी. पहिला पुन्हा वाटण्याचा. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरला ईथरच्या वाफा बाधत होत्या. त्याने 1871 साली जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना पेटंट न घेता नियतकालिकात छापली. इतरांनी ती सुधारली. ओल्या काचेची घाई संपली आणि हमाल-तंबूही मागे पडले. दुसरा रस्ता न शिकवण्याचा. 1888 साली आलेल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असे; ती संपली की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. हौशी माणसांची संख्या वाढली, पण त्यांना एकमेकांना विचारायची गरज कमी झाली.

तरी विचारणारे आणि सांगणारे उरलेच. माझ्याच शहरातले उपेंद्रकिशोर रायचौधुरी त्यातले. मुलांच्या पुस्तकातली आपली चित्रे छपाईत बिघडली म्हणून ते हाफटोनच्या नादाला लागले. विलायतेहून सामान मागवले, स्वतः प्रयोग केले, आणि 1897 पासून लंडनच्या पेनरोज वार्षिकात आपले निष्कर्ष लिहू लागले. कोलकात्यातल्या घरात बसलेला माणूस युरोपातल्या छपाईवाल्यांना जाळीचे गणित समजावत होता. त्याला हौशी म्हणायचे की व्यावसायिक? छापखाना त्याचा धंदा होता. शोध लावून सगळ्यांना सांगून टाकणे ही हौस.

इथवर आल्यावर मला माझे रविवारचे गप्प बसणे अधिकच टोचू लागले. आर्चर, मॅडॉक्स, उपेंद्रकिशोर यांच्यामुळे जी कला माझ्या हाताशी आली, तिच्या नावाने मी एका कारागिराला बाहेर ठेवायला संमती दिली होती. आणि आदल्याच आठवड्यात त्याच्याकडून शिकलेही होते. राजेंद्रलालांना काढणाऱ्या सभासदांनी निदान हात तरी वर केले असतील. आम्हाला तेवढेही करावे लागले नाही.

महिनाभराने मी पुन्हा विषय काढला, या वेळी वाद घालून. दोघांना पटले, दोघांनी येणे सोडले, बाकीचे “पाहू” म्हणाले. मी स्टुडिओत जाऊन निरोप दिला. तो म्हणाला, “दीदी, आता लग्नसराई. रविवारीच तर काम असते.” बरोबरच होते. रविवार मोकळा असणे हीसुद्धा आमचीच मिळकत होती, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

मग आम्ही मंगळवार ठरवला, दुपारी, त्याच्या स्टुडिओत. दोघेतिघे जातो. तो एक दिवा लावतो, आमच्यातल्या कुणाला तरी स्टुलावर बसवतो आणि दिवा वीतभर सरकवून नाकाची सावली दाखवतो. लेख छापायला जाण्यापूर्वी मी ‘हौशी’ हा शब्द तसाच ठेवला. मराठीत त्याहून चांगला शब्द नाही. फक्त ज्या वाक्यात तो ‘व्यावसायिक’च्या विरुद्ध उभा होता, ते मूळ बंगालीशी पुन्हा ताडून पाहिले. मूळ लेखात तो विरोध नव्हता. तो मी माझ्या सवयीने घातला होता. तेवढा काढून टाकला.